जाम इंजिन, तुटलेले स्टड आणि न हलणारा किंगपिन: जुना ट्रॅक्टर मोकळा करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर बरीच वर्षं उघड्यावर उभा होता. सायलेन्सर उभा, वर टोपी नाही. आता इंजिन तसूभर फिरत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याचे) दोन स्टड, म्हणजे डोकं नसलेले बोल्ट, खोलताना तुटले, पुढचा एक किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन, जाम आहे, क्लच सुटत नाही. आणि आजूबाजूचे जाणकार सांगतायत की दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळीने बांधा, टॉप गिअर टाका आणि ओढा, आपोआप सुटेल.

ओढू नका. बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका. ओढल्यावर ट्रॅक्टरच्या सगळ्या वजनाचा झटका चाकांतून आणि गिअरबॉक्समधून थेट क्रँकवर (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यावर) येतो, आणि गंजाने चिकटलेल्या पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तो सोसतो. कधीकधी पिस्टन सुटतोही, म्हणून तर हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे. पण नाही सुटला तर रॉड वाकतो, पिस्टनभोवतीच्या रिंगा तुटतात, उघडा अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनखाली सापडतो. जरासा वाकलेला रॉड बाहेरून कळत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. इंजिन चालू होतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि थोडं काम झाल्यावर बेअरिंग खायला लागतं.

माझा नियम साधा आहे: भाग कशाने धरून ठेवलाय ते कळेपर्यंत पान्याला पाइप लावायचा नाही. गंज हे एक कारण. पण वाळून दगड झालेलं ग्रीस, रंगाचे थर, आत लपलेली पिन, उलटे आटे, आधीच्या कुणीतरी चुकीच्या आट्यांचा बोल्ट ठोकून बसवलेला, अशी बरीच कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पाइपचा हिशोबही बघून ठेवा. 8 मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटरला आवळतात. एक मीटर लांब पाइपच्या टोकाला एवढा टॉर्क द्यायला जेमतेम अडीच किलोचा जोर पुरतो, आणि त्याच्या दुपटीला बोल्ट तुटायला आलेला असतो. म्हणजे पाइप लावून तुम्ही ‘जोर’ लावताय असं वाटायच्या आधीच काम बिघडलेलं असतं.

आता इंजिन. आधी खरंच इंजिनच जाम आहे का ते बघा. गिअर न्यूट्रलला, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा दांडा) सुटा, पट्टा काढून डायनॅमो आणि पाण्याचा पंप बाजूला. तुमचा क्लच चिकटलेला असल्यामुळे गिअरबॉक्सही इंजिनला बांधलेलाच आहे, त्यामुळे न्यूट्रल खरंच न्यूट्रल आहे याची खात्री करा. स्टार्टर खोलून बाहेर घ्या. त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या दातांत अडकून पडलं असेल तर अख्खं इंजिन गच्च वाटतं. इंजिनवरच बसवलेला हायड्रॉलिक पंप असेल तर त्याच्यावरही संशय घ्या. सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, म्हणजे सिलिंडरमध्ये साठलेल्या पाण्यामुळे अडतंय का हा प्रश्न मिटतो.

मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून दोन्ही बाजूंना हलवून बघा. पंख्याला धरून नाही, पंख्याची पाती वाकतात. पुली थोडी फिरून ‘टक्’ करून थांबत असेल आणि उलटी फिरवल्यावर पुन्हा तशीच कुठेतरी अडत असेल, तर पिस्टन मोकळे आहेत आणि काहीतरी आडवं येतंय: अडकलेला व्हॉल्व्ह, दातात पडलेला तुकडा. केसभरही हलत नसेल तर रिंगा गंजल्यात असं समजा.

ट्रॅक्टर शेवटचा बंद कसा पडला होता तेही शोधून काढा. चालता चालता तापून बसला असेल तर ॲल्युमिनियमचा पिस्टन स्लीव्हला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) घासून चिकटलेला असतो. तेलात कितीही भिजवा, त्याला काही होत नाही, हेड काढून पिस्टन बाहेरच घ्यावा लागतो. उभ्या उभ्या जाम झाला असेल तर गंज, आणि गंजाशी बोलणी करता येतात.

तुमच्या बाबतीत पाणी कुठून आलं ते उघड आहे. सायलेन्सरमधून पावसाचं पाणी मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि इंजिन थांबलं तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यात जातं. म्हणून बहुतेक वेळा एकच पिस्टन खरा अडकलेला असतो, फार तर दोन. नोझलच्या भोकातून बोअरस्कोप कॅमेरा घालता येतो का ते बघा. थेट इंजेक्शनच्या इंजिनात नोझलचं भोक सरळ सिलिंडरमध्ये उघडतं, तिथे हे जमतं. वेगळा दहनकक्ष असलेल्या इंजिनात कॅमेरा वाटेतच अडतो. कॅमेऱ्यात एका स्लीव्हवर तांबूस पट्टा आणि बाकीच्यांवर नुसता काळसर थर दिसला, की आरोपी कोण ते कळलं.

याच वेळी रॉकर कव्हर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरचं झाकण) उघडा. एखादा रॉकर सैल लोंबत असेल आणि त्याच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दबलेली असेल, तर तो व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याचा दांडा जिच्यात सरकतो त्या नळीत) उघडा अडकलाय. तो मोकळा केल्याशिवाय क्रँक फिरवू नका. गाइडच्या तोंडाशी तेल सोडायचं, थांबायचं, दांड्याच्या टोकावर नरम हातोडीने हलके ठोके मारायचे. स्प्रिंगने वर ओढला की पुन्हा दाबायचा. खालीवर, खालीवर. मात्र ठोकून खाली नेताना त्याच्याखाली पिस्टन कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

हेड काढायचं की नाही? हेड न काढता नोझलच्या भोकातून तेल ओतून महिनाभर वाट बघणं सोपं आहे, आणि हलका गंज त्याने सुटतोही. पण कॅमेऱ्यात गंजाचा जाड पट्टा दिसला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हेड काढा. गंज डोळ्यांना दिसतो, हाताने घासता येतो, आणि नंतर गॅस्केट तसंही बदलायचंच असतं. हेड स्टडवर गंजून बसलं असेल तर सांध्यात छिन्नी ठोकू नका, दोन्ही पृष्ठभाग कायमचे खराब होतात. स्टडच्या भोवतीच्या फटीत तेल सोडत राहा आणि हेडच्या जाड कडांना लाकडाच्या ठोकळ्यावरून आळीपाळीने ठोके द्या.

हेड निघालं की पिस्टनच्या वर स्लीव्हला जो गंज दिसतो तो आधी बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. पिस्टन वर येणार असेल तर त्याला त्यातूनच जायचंय. स्लीव्हच्या तोंडाशी वापरामुळे तयार झालेली कडा असेल तर तीही. मग पिस्टनवर तेल भरा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, आणि डिझेल निम्मं निम्मं, हे मिश्रण मला पुरेसं वाटतं. बरेच जण एटीएफ आणि ॲसिटोन सांगतात. ते आट्यांसाठी छान आहे, पिस्टनसाठी नाही, कारण ॲसिटोन उघड्या सिलिंडरमधून उडून जातं आणि खाली नुसतं एटीएफ उरतं. कोला ओतायचा सल्लाही फिरत असतो. त्यात सौम्य आम्ल असतं हे खरं, पण पाणी आणि साखरही असते, आणि आपल्याला त्या स्लीव्हमध्ये पाणीच नकोय.

भरलेल्या तेलाची पातळी खडूने किंवा पट्टीने मोजून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती उतरलेली दिसली तर तेल रिंगांमधून झिरपतंय. आठवड्यात अजिबात उतरली नाही तर अजून थांबा. घाई इथेच नडते.

मग जोर. यात पिस्टन कुठल्या जागी थांबलाय याला फार महत्त्व आहे. तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे हात 120 अंशांवर असतात, त्यामुळे तिन्ही पिस्टन एकदम टोकाला कधीच नसतात. चार सिलिंडरवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नाही: पहिला आणि चौथा वर टोकाला तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली टोकाला. टोकाला असलेल्या पिस्टनवर कितीही ठोका, क्रँक फिरत नाही. सगळा मार बेअरिंगवर जातो. अडकलेला पिस्टन मधल्या टप्प्यात असेल तरच वरून ठोकण्यात अर्थ आहे. टणक लाकडाचा गोल ठोकळा, सिलिंडरच्या व्यासापेक्षा जरा लहान, पिस्टनच्या डोक्यावर सपाट बसणारा, आणि त्यावर मध्यम घणाचे ठोके. एकाने क्रँकच्या बोल्टवर पान्याने ताण धरून ठेवायचा, दुसऱ्याने ठोकायचं. नुसत्या ताणाने किंवा नुसत्या ठोक्याने जे होत नाही ते दोन्ही एकत्र आल्यावर होतं, आणि हे पुढे प्रत्येक नट-बोल्टलाही लागू आहे. थेट ॲल्युमिनियमवर लोखंड ठोकलंत तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा फुटतील.

पिस्टन टोकाला असेल तर खालून जा. ऑइल चेंबर काढून त्या रॉडची खालची टोपी सोडा, क्रँक बाजूला फिरवून घ्या आणि पिस्टनला खालून लाकडाने वर ठोका. टोपीवर आणि रॉडवर आधी खुणा करून ठेवा, टोपी उलटी बसली की बेअरिंग गेलं. इथे स्लीव्ह ओली असेल, म्हणजे तिच्या बाहेरून थेट पाणी फिरत असेल, तर खालून ठोकताना पिस्टनसकट स्लीव्हच वर येऊ शकते. फर्ग्युसन टीई-20च्या इंजिनात अशाच ओल्या स्लीव्ह असतात. कधीकधी ते सोयीचंही पडतं, दोन्ही एकत्र बाहेर काढून प्रेसवर वेगळे करता येतात. पण स्लीव्ह ठेवायची असेल तर हेड नसताना तिला वरून वॉशर-बोल्टने दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका, खालचं सील हललं की पाणी ऑइलमध्ये.

ग्रीस गनची एक युक्तीही आहे: नोझलच्या जागी जोड बसवून सिलिंडर ग्रीसने गच्च भरायचा आणि हाताच्या गनने दाब द्यायचा. ताकद अफाट आहे. पर्किन्सच्या जुन्या ए3.152 इंजिनाचा बोअर 91.4 मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 65 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला फक्त 50 किलो दाब आला तरी पिस्टनवर सव्वातीन टन. हाताची चांगली गन याच्या कितीतरी पट दाब देऊ शकते. दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद बसत असतील तरच हे चालतं, आणि नंतरचं ग्रीस साफ करता करता जीव जातो. मी शेवटचा उपाय म्हणूनच याकडे बघतो.

पिस्टन हलला की आनंदाने पुढे ढकलत नेऊ नका. एक मिलिमीटर गेला, थांबा, उलटा आणा, तेल सोडा, मग दोन मिलिमीटर. सुटलेली गंजाची पूड एकाच दिशेने ढकलत नेली तर ती रिंग आणि स्लीव्हमध्ये पाचरीसारखी बसते. पूर्ण फेरा मिळाल्यावर स्लीव्ह पुसून नखाने तपासा. रिंगा जिथे फिरतात त्या पट्ट्यात नख अडण्याएवढे खड्डे असतील तर स्लीव्ह बदलायची, होनिंगने (स्लीव्ह आतून घासून) ते जात नाहीत. ज्या पिस्टनला ठोकलंय तो बाहेर काढून बघाच, रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात. आणि काहीही झालं तरी, भिजवलेलं इंजिन नोझल लावून स्टार्टरने फिरवू नका. पिस्टनवर उरलेलं तेल दाबलं जात नाही, रॉड वाकतो. नोझल काढलेल्या अवस्थेत हाताने दोन-चार फेरे, सगळं तेल बाहेर, मग पुढचं.

आता नट-बोल्ट. सगळ्यात आधी पाना बरोबर मापाचा. जुन्या ट्रॅक्टरवर मापांची खिचडी असते. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने सुचवलेले 55 अंशांचे ब्रिटिश आटे, अमेरिकन यूएनसी (जाड आटे) आणि यूएनएफ (बारीक आटे) 60 अंशांचे, मेट्रिकही 60 अंशांचे, आणि वर आधीच्या मेकॅनिकने हाताला लागले ते बोल्ट. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही: अर्धा इंच लिहिलेला पाना प्रत्यक्षात सुमारे 23.4 मिलिमीटरचा. त्याच्या जागी 24चा पाना लावला की नटाचे कोने गोल झालेच म्हणून समजा. तीन अष्टमांश इंचाला व्हिटवर्थ आणि यूएनसी दोघांचेही इंचाला 16 आटे आहेत, त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात जातो, पण कोन वेगळा असल्यामुळे आवळून बसतो. असा बोल्ट गंजाशिवायच जाम असतो. अर्ध्या इंचाला मात्र 12 आणि 13 असा फरक आहे, तिथे ठोकाठोक केल्याशिवाय जात नाही, आणि लोकांनी ठोकाठोक केलेली असते.

गोटी (सॉकेट पाना) वापरायची तर सहा कोनी, बारा कोनी नको. आट्यांचा बाहेर दिसणारा भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, कारण नट सुटताना याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर येणार आहे. भेदक तेल (बारीक फटीत शिरणारं पातळ तेल) लावा आणि रात्रभर विसरा. इथे एटीएफ-ॲसिटोन निम्मं निम्मं उत्तम. दोन्ही नीट मिसळत नाहीत म्हणून दर वेळी हलवून घ्यायचं, आणि ॲसिटोन झटकन पेट घेतं हे लक्षात ठेवायचं. डब्यातला डब्ल्यूडी-40 घेऊन लोक सगळीकडे फवारत सुटतात. तो मुळात 1953 साली पाणी हटवायला बनवलेला आहे, नावातले डब्ल्यू आणि डी त्याचेच. बरा आहे, पण खास भेदक तेलाच्या जागी नाही.

मग बोल्टच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या दिशेने हातोडीचे पाच-सहा खणखणीत ठोके. गंज ठिसूळ असतो, लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेऊन फटीत गच्च भरलेला असतो. ठोक्याने त्याला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. आता सोडवायच्या आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा. पहिली हालचाल कुठल्याही दिशेची चालते. हलला की पाव फेरा मागे, अष्टमांश पुढे, थेंबभर तेल, पुन्हा. हाताला काय जाणवतं ते ओळखायला शिका. सुटणारा बोल्ट ‘कट्’ असा आवाज करून एकदम ढिला होतो. तुटणारा बोल्ट आवाज न करता मऊ मऊ येत राहतो, पाना फिरतो आणि ताण वाढत नाही. ते जाणवलं त्या क्षणी थांबा, कारण बोल्ट फिरत नाहीये, पिळला जातोय.

तेलाने नाही झालं तर उष्णता. गणित असं: पोलाद दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन फुगतं. 12 मिलिमीटरच्या बोल्टवरचा नट बोल्टपेक्षा 300 अंशांनी जास्त तापवला तर त्याचं भोक सुमारे 0.04 मिलिमीटरने मोठं होतं. गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. पण हा फरक टिकायला हवा, म्हणून ज्योत लहान आणि तीव्र, फक्त नटावर, भराभर. मोठ्या ज्योतीने सगळंच सावकाश तापवलं तर नट आणि बोल्ट मिळून फुगतात आणि हाती काही लागत नाही. नट तापला की ज्योत बाजूला करून आट्यांना मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं, तेलापेक्षा खोल. ज्योत चालू असताना मेण नको, भडका उडतो. लालभडक तापवलेला बोल्ट पुन्हा वापरू नका, त्याचा कडकपणा उतरलेला असतो.

ज्योत कुठे लावायची नाही हेही तितकंच महत्त्वाचं. टायर चढवलेल्या चाकाच्या नटांना किंवा रिमला मुळीच नाही: आतलं रबर तापून निघणारे वायू टायर फोडतात, आणि हवा काढली म्हणजे धोका संपला असं नाही. ग्रीस कोंडलेल्या पोकळ पिना, बंद नळ्या, डिझेलच्या टाकीजवळ, नाही. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नको. क्लोरिनयुक्त क्लीनर तापला तर विषारी वायू होतो. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग एकाच जागी तापवून वर पाणी ओतलं तर तडकतो.

तुमचे मॅनिफोल्डचे तुटलेले दोन स्टड. बहुतेक जण आधी ईझी-आउट (तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटी फिरवायची निमुळती दांडी) काढतात. माझा त्याला विरोध आहे, आणि कारण सरळ आहे: पूर्ण जाडीचा स्टड ज्या पकडीतून सुटला नाही, तुटला, तो त्याच्या पोटात घातलेल्या बारीक दांडीने कसा सुटेल? शिवाय निमुळता ईझी-आउट स्टडला आतून फुगवून आणखी घट्ट करतो. मग तोच आत तुटतो, आणि त्याचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर घसरतं. जास्त आवळून तुटलेल्या, पण न गंजलेल्या बोल्टला ईझी-आउट ठीक.

गंजून तुटलेल्याला वेल्डिंग. तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर वॉशर ठेवून आतून वेल्ड करा, मग वॉशरवर नट ठेवून नटाच्या पोटात वेल्ड भरा. तुकडा पृष्ठभागाच्या पातळीत असेल तर आधी मध्यभागी वेल्डचा थेंब, त्यावर दुसरा, असं वर उचलत आणा. अर्थ क्लॅम्प त्याच भागावर जवळ लावा, करंट बेअरिंगमधून जायला नको. वेल्डिंगने तुम्हाला नट मिळतो, पण खरं काम उष्णतेने होतं: स्टड आतून फुगतो, भोवतीचं ओतीव लोखंड त्याला दाबून धरतं, गंज चुरडला जातो, आणि निवताना स्टड आकसतो. म्हणून लगेच पाना लावू नका. लाली पूर्ण गेली, बोट जवळ नेववत नाही एवढाच गरम उरला, की मेण टेकवा आणि मग पाना, दोन्ही दिशांना, हलक्या हाताने. पहिला नट बहुधा तुटून येतो. दुसरा लावा. दर वेळच्या तापण्या-निवण्याने पकड थोडी सैल होते, आणि मग कधीतरी नटाखालून तांबडी पूड निघताना दिसते. ती दिसली की काम फत्ते, फक्त घाई करू नका.

तेही नाही जमलं तर ड्रिल. तुटका माथा कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंच, बारीक ड्रिलपासून सुरुवात. उलट्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधीकधी ड्रिल पडता पडताच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो. काही हेडमध्ये स्टडचं भोक आत पाण्यापर्यंत जातं, तिथे नवा स्टड सीलंट लावून बसवा.

किंगपिनचं गुपित बहुतेक वेळा वरच्या आर्मच्या क्लॅम्प बोल्टमध्ये असतं. अनेक ट्रॅक्टरवर हा बोल्ट पिनेच्या खाचेतून जातो. नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढायचा. तोवर घणाने ठोकून काही होणार नाही. पुढचा ॲक्सल पक्क्या टेकूवर घ्या. ग्रीस निप्पल काढून त्यामागची वाट तारेने मोकळी करा, वाळलेलं ग्रीस तिथेच बसलेलं असतं. आत डिझेल सोडा, दोन दिवसांनी नवा निप्पल लावून ग्रीसचा दाब द्या आणि चाक उजवीकडे-डावीकडे हलवत राहा. टाय रॉडच्या नळीला एका बाजूला उलटे आटे असतात, पाना लावण्याआधी बघून घ्या. बॉल जॉइंटसारखे निमुळते सांधे पुलरचा ताण देऊन, मग सांधा ज्या भोकात बसतो त्या भागाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच वेळी दोन हातोड्या मारून सुटतात. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकावर मात्र ठोकू नका, मार थेट स्टिअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगला बसतो.

क्लच सगळ्यात शेवटी. प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. पेडल दाबून लाकडाने टेकवून ठेवा, तपासणीच्या झरोक्यातून बारीक पाते घालता आलं तर फटीत फिरवून बघा. तेल अजिबात सोडू नका, प्लेट वाया जाते. इंजिन एवढं खोलत असाल तर मी ट्रॅक्टर मधून वेगळा करून प्लेट बघेन. जुन्या प्लेट आणि ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेने धूळ उडवायची नाही, ओली करून पुसायची.

सुटे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ होतात: भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील नको, विषारी क्रोमियम तयार होतं. ॲल्युमिनियम यात घालू नका, कडक स्प्रिंगही नको. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा. आट्यांच्या आतला गंज याने फारसा जात नाही, त्यामुळे जोडून जाम झालेले भाग यात बुडवून सुटतील ही आशा ठेवू नका.

जोडताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावा, पण मग कोरड्या आट्यांचा टॉर्क तसाच देऊ नका, बोल्ट जास्त ताणला जातो. हेडच्या बोल्टना पुस्तकात सांगितलंय तेच.

एक गोष्ट लोक विसरतात. उभा राहिलेल्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचा रॅकही (डिझेल किती जायचं ते ठरवणारी दांडी) जाम असतो, आणि तो पूर्ण डिझेलच्या जागी अडकला असेल तर चालू झालेलं इंजिन थांबवता येत नाही, वेग वाढतच जातो. सरळ रांगेच्या पंपाची बाजूची झाकणी उघडून रॅक बोटाने दोन्हीकडे सरकतो का ते पाहा. नसेल तर स्वच्छ डिझेल सोडा, प्लंजर हळूच हलवा, ठोकाठोक नाही. रोटरी पंप स्वतः उघडू नका, पंपवाल्याकडेच द्या. पहिल्यांदा इंजिन चालू कराल तेव्हा एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड फळी घेऊन एक माणूस बाजूला उभा करा. हात किंवा फडकं नाही, फळीच. थांबवणारी दांडी ओढूनही इंजिन ऐकत नसेल तर त्याने एका क्षणात फळी दाबायची. दहा-पंधरा मिनिटं चाललं की बंद करा आणि ऑइल गरम असतानाच सोडून द्या, भिजवलेलं सगळं डिझेल त्यातच उतरलेलं असतं. नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि मग टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) पुन्हा तपासा.